उणे पंचवीस हजार किलो ऊस! : प्रोग्रॅमिंगचे पुस्तक पारखावे कसे?

प्रथम एक अगदी सोपे गणित करा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या काट्यावर उसाने भरलेले दोन ट्रॅक्टर आले. प्रत्येकाच्या ट्रॉल्यांत २० टन, म्हणजे २०,००० किलो ऊस आहे. एकूण ऊस किती?

तुम्ही म्हणाल, "यात विचारायचे काय? ४०,००० किलो!" बरोबर. पण हेच गणित एखाद्या जुन्या पुस्तकातला प्रोग्रॅम जसाच्या तसा उतरवून, त्या पुस्तकाने सांगितलेल्या जुन्या साधनावर केले, तर पडद्यावर उत्तर उमटते उणे २५,५३६! शेतकऱ्याने ऊस घातला, आणि वर कारखान्याचे पंचवीस हजार किलोचे देणेही लागला!

आता हा प्रोग्रॅम बारावीत शिकणाऱ्या एखाद्या मुलीने लिहिला आहे असे समजा. पुस्तकातली प्रत्येक ओळ तिने तीनतीनदा ताडून पाहिली. कोठेही चूक नाही, तरी उत्तर उलटे. अशा वेळी तिच्या मनात काय येईल? "हा विषय आपल्याला जमणारा नाही." येथेच खरे नुकसान होते. चूक तिची नव्हती, पुस्तकाच्या वयाची होती. म्हणून, प्रोग्रॅमिंग शिकायला निघालेल्याने पहिली विद्या शिकावी ती पुस्तकाची पारख करण्याची. ती कशी करायची, ते आज पाहू या.

हा प्रश्न आपल्या दारातलाच

आपल्या राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीच्या 'कॉम्प्युटर सायन्स' या विषयात अनेक वर्षे सी-प्लस-प्लस ही भाषा शिकवली गेली आहे. पुढे अभियांत्रिकीला किंवा पदवीला गेले की जावा आणि पायथॉन भेटतात. अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे २०२४ पर्यंतचा अहमदनगर जिल्हा, सहकारी साखर कारखान्यांसाठी प्रसिद्ध. प्रवरानगरचा कारखाना तर या चळवळीचा आरंभच मानला जातो. याच कारखान्यांच्या आधाराने लोणी, संगमनेर, कोपरगाव येथे १९८० च्या दशकात अभियांत्रिकी महाविद्यालये उभी राहिली. म्हणजे उसाच्या फडापासून संगणकाच्या खोलीपर्यंतचे अंतर येथे फार नाही.

पण पुस्तके येतात कोठून? पुष्कळदा थोरल्या भावाचे पुस्तक धाकट्या बहिणीकडे येते. कोणी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून निम्म्या किमतीत घेतो. कोणी वाचनालयातून आणतो. यात वाईट काहीच नाही. गणिताचे किंवा इतिहासाचे जुने पुस्तक बहुधा चालून जाते. प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकाचे मात्र तसे नाही. त्यातला काही भाग पन्नास वर्षे टिकतो, आणि काही भाग पाच वर्षांतच शिळा होतो. कोणता भाग कोणता, हे ओळखता आले पाहिजे. त्यासाठी आधी या भाषांची मूळ कल्पना समजावून घेऊ.

काट्यावरच्या वस्तू

सी-प्लस-प्लस, जावा, पायथॉन या भाषांना 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड' म्हणतात. आपण 'वस्तुकेंद्री' म्हणू. म्हणजे काय? पुन्हा काट्यावर चला.

गाळपाच्या हंगामात कारखान्याच्या आवारात बैलगाड्या, ट्रक, ट्रॅक्टर यांची रांग लागते. प्रत्येक वाहन आधी भरलेले तोलतात. मग ऊस उतरवून घेतात आणि रिकामे वाहन पुन्हा तोलतात. दोन्ही वजनांची वजाबाकी म्हणजे निव्वळ ऊस. त्याच आकड्यावर शेतकऱ्याचे पैसे ठरतात.

हा हिशेब जुन्या पद्धतीने संगणकावर कसा मांडाल? एक यादी वाहनांच्या क्रमांकांची, दुसरी भरलेल्या वजनांची, तिसरी रिकाम्या वजनांची. आता ५७ व्या वाहनाचे रिकामे वजन चुकून ५८ व्या ओळीत पडले, तर? तेथून पुढच्या सगळ्या शेतकऱ्यांचा हिशेब घसरला! तीन याद्या वेगवेगळ्या असल्यामुळे कोणाचे काय, हे त्या याद्यांना ठाऊकच नसते.

वस्तुकेंद्री पद्धत म्हणते, याद्या करू नका, वाहनच करा. प्रत्येक वाहनाची माहिती त्या वाहनापाशीच ठेवा, आणि त्या माहितीवर करायची कामेही त्याच्याच हाती द्या. आराखडा असा दिसेल :

वर्ग : वाहन
खाजगी माहिती : भरलेले वजन, रिकामे वजन
उघडी कामे : काट्यावर चढ, निव्वळ ऊस सांग

'वर्ग' म्हणजे इंग्रजीतला 'क्लास'. तो काटापावतीच्या कोऱ्या छापील नमुन्यासारखा असतो. नमुना एकच, पण त्यावरून भरलेल्या पावत्या हजार. तशाच एका वर्गावरून हजारो 'वस्तू', म्हणजे 'ऑब्जेक्ट', तयार होतात. फरक एवढाच, की भरलेली पावती स्वतः काही करीत नाही. वस्तूला मात्र "निव्वळ ऊस सांग" म्हटले, की ती आपली आपण वजाबाकी करून सांगते.

वजने 'खाजगी' का ठेवली? ऊसकऱ्यांच्या बोलण्यात 'काटामारी' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. वजनात फसवणूक करणे म्हणजे काटामारी. प्रोग्रॅममध्ये वजनाचा आकडा उघडा ठेवला, तर कोणताही दुसरा भाग तो गुपचूप बदलू शकेल. तो खाजगी ठेवला, तर काट्यावर चढल्याशिवाय वजन बदलणारच नाही. याला 'एन्कॅप्सुलेशन' असे भारदस्त नाव आहे. तुम्ही त्याला 'काटामारीवरचे कुलूप' म्हणा!

बैलगाडी, ट्रक आणि ट्रॅक्टर ही सगळी वाहनेच. मग तोलण्याचा भाग तिघांसाठी तीनदा का लिहायचा? तो 'वाहन' या वर्गात एकदाच लिहायचा, आणि तिघांनी तो वारशाने घ्यायचा. याला 'वारसा', म्हणजे 'इन्हेरिटन्स', म्हणतात. आता समजा, वाहतुकीचे भाडे काढायची रीत प्रत्येकाची वेगळी आहे. तरी आज्ञा एकच द्यायची : "भाडे सांग." बैलगाडी आपल्या रीतीने सांगेल, ट्रक आपल्या. शाळा सुटल्याची घंटा एकच असते, पण ती ऐकून मुले दाराकडे धावतात, गुरुजी हजेरीपट मिटतात आणि शिपाईदादा खिडक्या लावतात. तसेच हे. याला 'बहुरूपता' म्हणतात.

वर्ग, वस्तू, कुलूप, वारसा, बहुरूपता. मुख्य कल्पना एवढ्याच.

न बदलणारे आणि बदलणारे

या कल्पना कालपरवाच्या नाहीत. नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथे ऊल-युहान डाल आणि क्रिस्टेन न्युगार्ड या दोघा शास्त्रज्ञांनी 'सिम्युला ६७' ही भाषा घडवली. नावातच साल आहे : १९६७. रांगा, वाहतूक, कारखान्यातली कामे यांची नक्कल संगणकावर करून पाहणे हा त्यांचा हेतू होता. आपल्या काट्यावरची रांग त्यांना नक्कीच आवडली असती! वर्ग, वस्तू आणि वारसा या भाषेतच होते. या कामासाठी दोघांना २००१ सालचे ट्यूरिंग पारितोषिक मिळाले.

पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेत अ‍ॅलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'स्मॉलटॉक' भाषा केली. १९७९ साली बेल प्रयोगशाळेत बियार्ने स्ट्रूस्ट्रुप यांनी सी या भाषेला सिम्युलामधल्या वर्गांची जोड द्यायला सुरुवात केली. तिलाच १९८३ साली सी-प्लस-प्लस हे नाव मिळाले. गिडो व्हॅन रॉसम यांची पायथॉन १९९१ साली लोकांपुढे आली, तर जेम्स गॉस्लिंग यांची जावा १९९५ साली.

म्हणजे कल्पना १९६७ च्या, आणि अजून ताज्या. पण भाषांचे व्याकरण मात्र सतत बदलत असते. सी-प्लस-प्लसचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ साली ठरले. २०११ साली त्यात मोठी सुधारणा झाली, आणि तेव्हापासून दर तीन वर्षांनी नवे प्रमाण निघते. जावाची नवी आवृत्ती तर २०१८ पासून दर सहा महिन्यांनी येते. पायथॉनची तिसरी आवृत्ती २००८ साली आली, आणि दुसरीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून कायमची थांबली.

उणे २५,५३६ चे रहस्य

आता आपले कोडे सोडवू. १९९० च्या सुमारास बोरलँड कंपनीचा 'टर्बो सी-प्लस-प्लस' नावाचा कंपायलर निघाला. आपण लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर. त्या काळासाठी तो उत्तमच होता. भारतातल्या असंख्य शाळा-महाविद्यालयांत तो वर्षानुवर्षे वापरला गेला, आणि पुष्कळ पुस्तके त्यालाच समोर ठेवून लिहिली गेली.

या कंपायलरमध्ये साध्या पूर्णांकाला १६ जागा मिळत. प्रत्येक जागेत शून्य किंवा एक. अशा १६ जागांच्या एकूण ६५,५३६ मांडण्या होतात. त्यांतल्या निम्म्या उणे संख्यांना दिलेल्या. म्हणून सर्वांत मोठी संख्या ३२,७६७ आणि सर्वांत लहान उणे ३२,७६८. मोटारसायकलचा किलोमीटर दाखवणारा आकडा शेवटाला पोहोचला की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो ना? तसेच येथे ३२,७६७ च्या पुढे एक मिळवला की एकदम उणे ३२,७६८! आता आपल्या ४०,००० चे काय होईल? ४०,००० मधून ६५,५३६ वजा करा. उत्तर : उणे २५,५३६. उलगडले कोडे!

आजच्या नेहमीच्या कंपायलरांत साध्या पूर्णांकाला बहुधा ३२ जागा असतात. त्यात २,१४,७४,८३,६४७ पर्यंतची संख्या मावते. पायथॉनमध्ये तर पूर्णांकाला अशी ठरीव मर्यादाच नाही. म्हणजे "पूर्णांक ३२,७६७ पेक्षा मोठा असूच शकत नाही" असे छापणारे पुस्तक भाषेचा नियम सांगत नसते, एका जुन्या साधनाची मर्यादा सांगत असते. भाषेचा नियम एवढाच आहे, की निदान १६ जागा हव्यात.

जुनेपणाच्या आणखी काही खुणा लक्षात ठेवा. सी-प्लस-प्लसच्या पुस्तकातला पहिलाच प्रोग्रॅम उघडा. वरच्या ओळीत 'आयओस्ट्रीम' या शब्दापुढे टिंब आणि 'एच' असेल, तर ती १९९८ पूर्वीची रीत आहे. आजचे कंपायलर ती ओळ वाचूनच अडतात. मुख्य भागाच्या आरंभी 'व्हॉइड मेन' असेल, तर तेही प्रमाणाला धरून नाही. तेथे 'इंट मेन' हवे. 'कॉनिओ' आणि 'गेटच' हे शब्द जागोजागी दिसले, तर ते सी-प्लस-प्लसचे नव्हेतच, तशा जुन्या साधनांचे आहेत.

पायथॉनच्या पुस्तकात 'प्रिंट' या शब्दापुढे कंस नसेल, तर ते पुस्तक दुसऱ्या आवृत्तीचे. आज तो प्रोग्रॅम पहिल्याच ओळीला अडखळेल. जावाच्या पुस्तकात 'अ‍ॅपलेट' या विषयावर मोठमोठी प्रकरणे असतील, तर तेही वय सांगते. ब्राउझरमध्ये चालणारे हे छोटे प्रोग्रॅम २०१७ साली जावाच्या नवव्या आवृत्तीत अधिकृतपणे कालबाह्य ठरवले गेले.

मग जुने पुस्तक रद्दीत घालायचे का? मुळीच नाही. वर्ग म्हणजे काय, वारसा कशासाठी, हे त्यात सुरेख सांगितले असेल तर अवश्य वाचा. फक्त त्यातले प्रोग्रॅम डोळे मिटून उतरवू नका. आणि तुमच्या परीक्षेत जुनीच रीत विचारत असतील, तर ती परीक्षेपुरती शिका, पण शेजारी वहीत आजची रीतही लिहून ठेवा.

आवृत्ती आणि पुनर्मुद्रण

दुकानात एक गफलत हमखास होते. पुस्तक नवे कोरे, कागद पांढराशुभ्र, आत साल २०२३. आपल्याला वाटते, ताजे पुस्तक मिळाले. पण नावाच्या पानामागचे पान नीट वाचा. तेथे 'आवृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' असे दोन वेगळे शब्द असतात. आवृत्ती बदलते तेव्हा लेखकाने मजकूर सुधारलेला असतो. पुनर्मुद्रणात जुनाच मजकूर पुन्हा छापलेला असतो. तिसरी आवृत्ती २००१ ची आणि चाळिसावे पुनर्मुद्रण २०२३ चे असेल, तर ते पुस्तक २००१ चेच समजावे. साखर नव्या पोत्यात भरली म्हणून नव्या हंगामाची होत नाही!

समजावते की पाठ करवते?

पुस्तक ताजे आहे एवढ्याने ते चांगले ठरत नाही. आता दुसरी कसोटी. पुस्तकातले 'क्लास' या विषयाचे प्रकरण काढा आणि पहिली चार पाने वाचा.

काही पुस्तकांत आधी व्याख्या येते, मग लगेच एक प्रोग्रॅम, आणि त्या प्रोग्रॅममध्ये वर्ग करून काय केलेले असते? दोन संख्यांची बेरीज! बेरजेला वर्ग कशाला हवा? सुपारी फोडायला घण आणण्यासारखे झाले. असे उदाहरण वाचून मुलाला व्याख्या पाठ होते, पण वर्ग नसता तर काय अडले असते, हे कळत नाही. चांगले पुस्तक आधी अडचण दाखवते. तीन याद्या कशा घसरतात, आकडा कोणीही कसा बदलू शकतो, तोच मजकूर तीन ठिकाणी लिहिल्याने चूक कशी शिरते, हे ते आधी पटवते. मगच वर्ग पुढे आणते.

आणखी पहा. प्रोग्रॅम चुकला तर काय दिसेल, हे पुस्तक दाखवते का? शिकताना निम्मा वेळ चुका शोधण्यातच जातो. पोहायला शिकवणाऱ्याने नाकातोंडात पाणी गेले तर काय करायचे ते सांगायला नको का? प्रकरणाच्या शेवटी उदाहरणे किती आहेत, आणि निदान काहींची उत्तरे आहेत का, तेही पहा. जाड पुस्तक म्हणजे चांगले पुस्तक, असेही नाही. हजार पानी ग्रंथ संदर्भासाठी असतो. शिकण्यासाठी रोज चार पाने पुढे नेणारे पुस्तक हवे.

इंग्रजीचे भय

मराठी माध्यमातल्या मुलांना वाटते, "ही पुस्तके इंग्रजीत. आपला निभाव लागणार नाही." तर एक आकडा ऐका. पायथॉन भाषेचे राखीव शब्द किती आहेत? अवघे ३५! जावाचे सुमारे ५०. एवढ्या इंग्रजी शब्दांना कोण घाबरेल? राहिली पुस्तकाच्या गद्याची भाषा. त्यासाठी साध्या, छोट्या वाक्यांचे पुस्तक निवडा, आणि एक वही करा. डाव्या बाजूला पुस्तकातला शब्द, उजव्या बाजूला तुमच्या मराठीत त्याचा अर्थ. 'क्लास' म्हणजे कोरा नमुना, 'ऑब्जेक्ट' म्हणजे त्यावरून झालेली वस्तू. दोन महिन्यांत ही वही तुमचे सर्वांत उपयोगी पुस्तक होईल. याच जिल्ह्यातल्या नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. संस्कृतातला कठीण विचार आपल्या बोलीत आणला, की तो सर्वांचा होतो, हे या मातीला सातशे वर्षांपूर्वीच ठाऊक होते.

आणि एक गंमत सांगू? पायथॉनच्या आजच्या आवृत्तीत तुम्ही वर्गाचे नाव चक्क देवनागरीत 'बैलगाडी' असे ठेवू शकता, आणि माहितीचे नाव 'वजन'. भाषेचे राखीव शब्द तेवढे इंग्रजीत राहतील. करून पहा!

मराठीतून ऐकायचे असेल, तर मुंबईच्या आयआयटीने सुरू केलेला 'स्पोकन ट्यूटोरियल' हा उपक्रम आहे. त्यात सी-प्लस-प्लस, जावा यांचे छोटे छोटे धडे मराठी निवेदनासह विनामूल्य मिळतात. पुस्तकाबरोबर ते वापरले, तर पुस्तकाची वाट सोपी होते.

कोणती पुस्तके पाहावीत?

आधी भाषा ठरवा, मग पुस्तक. अभ्यासक्रमात जी भाषा असेल तीच प्रथम घ्या. दोन भाषा एकदम नकोत. अभ्यासक्रमाचे बंधन नसेल, तर पायथॉनपासून आरंभ करणे सोपे.

सी-प्लस-प्लससाठी आपल्या राज्यातले नाव म्हणजे नागपूरचे यशवंत कानेटकर. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये आणि कानपूरच्या आयआयटीत शिकलेल्या या लेखकाचे 'लेट अस सी' हे पुस्तक देशभर वाचले गेले. सी-प्लस-प्लस, जावा आणि पायथॉन यांवरही त्यांची पुस्तके आहेत. साधी इंग्रजी आणि भरपूर उदाहरणे ही त्यांची खूण. ई. बालगुरुसामी यांचे सी-प्लस-प्लसवरचे पुस्तकही महाविद्यालयांत सर्वत्र आढळते. दोघांच्या पुस्तकांच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आहेत. म्हणून केवळ नाव विचारू नका, "कितवी आवृत्ती?" असेही विचारा. स्वतः स्ट्रूस्ट्रुप यांचा 'द सी-प्लस-प्लस प्रोग्रॅमिंग लँग्वेज' हा ग्रंथ थोर खरा, पण तो आधीपासून प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी आहे. नवशिक्यांसाठी त्यांनी वेगळे पुस्तक २००८ साली लिहिले. तोच लेखक, पण वाचक वेगळा! पुस्तक कोणासाठी लिहिले आहे, हे प्रस्तावनेत वाचायचे ते याचसाठी.

जावासाठी कॅथी सिएरा आणि बर्ट बेट्स यांचे 'हेड फर्स्ट जावा' चित्रे, कोडी आणि संवाद यांतून शिकवते. त्याची तिसरी आवृत्ती २०२२ ची आहे. पायथॉनसाठी एनसीईआरटीचे अकरावी-बारावीचे पुस्तक इंटरनेटवर फुकट मिळते. भाषेची पहिली ओळख त्यातून होईल. वर्ग आणि वारसा यांसाठी मात्र पुढचे पुस्तक लागेल. अ‍ॅलन डाउनी यांचे 'थिंक पायथॉन' लेखकाने स्वतःच विनामूल्य ठेवले आहे, आणि त्यात वर्गांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. म्हणजे खिशात पैसे नसले, तरी आरंभ अडत नाही.

विकत घेण्याआधी वाचनालयात जा. अहिल्यानगर शहरातल्या जिल्हा वाचनालयाची परंपरा १८३८ सालापासूनची आहे. ड्यूई पद्धतीने पुस्तके लावणाऱ्या ग्रंथालयात ००५.१३३ या क्रमांकाशी प्रोग्रॅमिंगच्या भाषा आणि ००५.११७ शी वस्तुकेंद्री प्रोग्रॅमिंग सापडते. ते कपाट शोधा, तीन पुस्तके काढा आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. तिन्हींतले 'क्लास'चे प्रकरण वाचा. कोणते आपल्याशी बोलते, ते लगेच कळेल.

दहा मिनिटांची परीक्षा

पुस्तक हातात घेतले की एवढे करा :

१. नावाच्या पानामागे आवृत्तीचे साल पहा. पुनर्मुद्रणाच्या सालाने फसू नका.

२. प्रस्तावनेत हे पुस्तक कोणासाठी आहे ते वाचा.

३. पहिला प्रोग्रॅम पहा. वर सांगितलेल्या जुनेपणाच्या खुणा आहेत का?

४. 'क्लास'चे प्रकरण काढा. वर्ग का हवा, हे उदाहरणाने पटते का?

५. कोणतेही एक पान वाचा. एका पानावर पाचापेक्षा जास्त वाक्ये अडली, तर ते पुस्तक पुढच्या वर्षासाठी ठेवा.

६. शक्य असेल तर पहिला प्रोग्रॅम वहीत उतरवून शाळेच्या संगणकावर किंवा घरच्या फोनवर चालवा, आणि मगच पुस्तक विकत घ्या.

आणि पुस्तक घेतल्यावर? रोज एक प्रोग्रॅम स्वतः लिहा. चालला नाही, तर पहिला प्रश्न "मी मठ्ठ आहे का?" हा नसावा. तो असावा, "हा प्रोग्रॅम कोणत्या सालचा आहे, आणि माझे साधन कोणत्या सालचे?" पुस्तकालाही प्रश्न विचारता येतात, आणि विचारायचेच असतात.

करून पहा

तुमच्या गावात दूध संकलन केंद्र असेल. सकाळी तेथे जा आणि पंधरा मिनिटे नुसते पहा. दूध कोण घालतो, काय मोजतात, लिटर किती, फॅट किती, पावतीवर काय छापतात? मग घरी येऊन वहीत तीन रकाने आखा : वर्ग कोणते, प्रत्येकाची खाजगी माहिती कोणती, उघडी कामे कोणती? गायीचे दूध आणि म्हशीचे दूध यांत वारसा कसा मांडाल? "दर सांग" ही आज्ञा दोघांना दिली, तर काय होईल? आणि कोणता आकडा कुलपात ठेवला नाही, तर शेतकऱ्याचे नुकसान होईल?

हा आराखडा तयार झाला की मग पुस्तक उघडा, आणि त्यात या प्रश्नांची उत्तरे सापडतात का ते पहा. जे पुस्तक तुमच्या दुधाच्या हिशेबाला उपयोगी पडेल, ते तुमचे पुस्तक!